गाडीतली आंघोळ, नागपूरचा उन्हाळा आणि आपल्या पोरांचे हात

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी विहारात रक्तदाब तपासणी चालू होती. रांगेत एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आईला घेऊन आला होता. तपासायचे होते आईचे, पण पोराच्या उजव्या हाताला रुमाल बांधलेला दिसला म्हणून आम्ही विचारले. "काही नाही, कामावर कुत्र्यानं दात लावला. पाळीव होता," तो म्हणाला. रुमाल सोडला तर अंगठ्याच्या मुळाशी दोन दात खोल रुतल्याच्या खुणा, आणि त्यावर हळद-चुन्याचा लेप. चौथा दिवस होता. सुई घेतलेली नव्हती. कारण विचारले तर म्हणे, कुत्र्याच्या मालकीणबाईंनी सांगितले, "आमच्या ब्राऊनीला सगळी इंजेक्शनं झालीत."

हा मुलगा कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या गाडीवर काम करतो. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये आता अशा गाड्या फिरतात. छोट्या व्हॅनला मागे पाण्याची टाकी, आत एक टब, एक टेबल, केस वाळवायचा ब्लोअर, केस कापायची मशीन, आणि हे सगळे चालवायला इन्व्हर्टर किंवा जनरेटर. फोनवर वेळ ठरते, गाडी बंगल्यासमोर उभी राहते, कुत्रा आत जातो आणि तासा-दीड तासाने चकचकीत होऊन बाहेर येतो. आत दोन पोरे असतात. ती बहुतेक करून आपल्यासारख्याच वस्त्यांमधली असतात. कोणी बारावी झालेला, कोणी आयटीआय अर्धवट सोडलेला. काम शिकायला महिना-दोन महिने पुरतात, म्हणून पोरे या कामाकडे वळतात. कामाला आम्ही नावे ठेवत नाही, त्यात कौशल्य आहे आणि ते शिकण्यासारखे आहे. परंतु हे काम उन्हाळ्यात कुत्र्यालाही धोक्याचे असते आणि करणाऱ्यालाही, आणि दोघांचे धोके एकमेकांत गुंतलेले आहेत. उन्हाने बेजार झालेला कुत्राच चावतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. ज्या आया-बहिणी बंगल्यांवर घरकाम करतात आणि धुणी-भांड्यांबरोबर "जरा टॉमीलाही आंघोळ घालून दे" हे ऐकतात, त्यांनीही हे वाचावे.

कुत्र्याचा कूलर

माणसाला उकडले की सर्वांगाला घाम येतो, घाम वाळतो आणि अंग थंड होते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा येतो, पण तेवढ्याने भागत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडातला, जिभेवरचा ओलावा हवेत उडून जातो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. आपला वाळ्याचा कूलर जसे काम करतो, अगदी तसेच. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर घर गार करतो आणि ऑगस्टमध्ये तोच कूलर लावला तर घरभर चिकचिक होते, हे नागपूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. हवेत आधीच ओल भरलेली असली की पाणी उडत नाही.

आता त्या गाडीचा विचार करा. दारे-खिडक्या बंद. आत एका कुत्र्याची आंघोळ झाली, भिंती ओल्या, जमीन ओली, त्यावर ब्लोअरची गरम हवा. म्हणजे बाहेर कोरडा मे असला तरी गाडीच्या पोटात ऑगस्ट तयार झालेला असतो. अशा जागी कुत्रा कितीही धापा टाको, त्याचा कूलर चालत नाही. गाडीतला एसी बंद पडला किंवा मालकाने डिझेल वाचवायला बंद ठेवायला सांगितला, तर त्या दिवशी गाडीत काम करायचेच नाही. बंगल्याच्या पोर्चमध्ये, सावलीत, पंखा लावून आंघोळ घालावी. मालक नाराज होईल. पण कुत्रा गाडीत मेला तर दोष त्या पोरावरच येणार, हेही लक्षात असू द्यावे.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान माणसापेक्षा जास्त असते, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. त्यामुळे हात लावून "ताप आहे" असे वाटणे उपयोगाचे नाही. बघायचे ते त्याचे तोंड. साध्या धापा टाकतो तेव्हा जीभ सैल असते, डोळे शांत असतात. धोका सुरू झाला की धापा जोरात आणि घरघर करत येतात, जीभ रुंद होऊन लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, लाळ चिकट आणि तारेसारखी गळते. मग पाय लटपटतात, उलटी होते, तो हाकेला ओ देत नाही. इथवर आल्यावर अर्ध्या तासाचा उशीरही जिवावर बेततो. आंघोळ, केस, नखे, सगळे तिथेच सोडायचे. त्याला सावलीत आणून नळाचे साधे पाणी अंगावर ओतत राहायचे, विशेषतः पोट, काखा आणि जांघा भिजवायच्या, आणि पंख्याची हवा द्यायची. ओला टॉवेल अंगावर नुसता टाकून ठेवू नये, तो लगेच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, तोंडात ओतू नये. अंग थंड करणे सुरू झाल्यावरच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचे, आणि वाटेतही पाणी-हवा चालू ठेवायची.

साध्या पाण्यावरून एक गोष्ट. नागपुरात मेमध्ये दुपारी गाडीच्या टपावरल्या काळ्या टाकीतले पाणी साधे नसते, चटका बसण्याइतके तापलेले असते. घरच्या गच्चीवरल्या टाकीचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. बाळाच्या आंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो, तसे इथेही पाहायचे. टाकीला पोत्याचे ओले आच्छादन घातले तर बराच फरक पडतो.

सगळ्यात चांगली वेळ सकाळी सहा ते साडेदहा आणि मग संध्याकाळी सहानंतर. दुपारी बारा ते चार या वेळात गाडीत आंघोळ ठेवू नये. रस्त्याचा डांबर किती तापला आहे ते पाहायला हाताचा उलटा पंजा सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावरून चालवत गाडीपर्यंत आणू नये, उचलून आणावे. गाडी उभी करून कुत्र्याला आत ठेवून चहाला जाणे तर कधीच नाही. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने चढते. बाहेर ४३ असेल तर आत काय होईल ते मोजायला पेन्सिल लागत नाही. हेच लहान लेकरांनाही लागू आहे.

"उन्हाळा आहे, पार गोटा करून टाका"

ही फर्माईश पोरांना रोज ऐकावी लागते. मालकांना वाटते, केस म्हणजे स्वेटर, काढला की गार वाटेल. काही कुत्र्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात, ते आखूड करायला हरकत नाही. पण जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ लांब केस आणि खाली कापसासारखी मऊ लव. दोन्हींच्या मध्ये हवा धरून ठेवलेली असते. ती हवा थंडीत ऊब देते आणि उन्हाळ्यात बाहेरची धग अडवते. मातीच्या जाड भिंतीचे घर दुपारी गार का असते, तेच इथे. अशा कुत्र्याचा गोटा केला तर ऊन थेट कातडीवर येते, कातडी भाजते आणि पुढे कित्येकदा केस नीट उगवत नाहीत, ठिगळ ठिगळ उगवतात.

अशा कुत्र्यांना हवा असतो तो कंगवा. उन्हाळ्याच्या तोंडाशी खालची लव आपोआप सुटते आणि वरच्या केसांत अडकून बसते. ती रुंद दातांच्या कंगव्याने काढली की हवा खेळते. या मेहनतीला पाऊण तास लागतो आणि मशीन फिरवायला दहा मिनिटे. एका कुत्र्यामागे मजुरी मिळत असेल तर पोरगा मशीनच फिरवणार, त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून मालकाशी आधीच वेळेचे बोलून घ्यावे. पोटाखालचे आणि पायांच्या मधले केस मात्र कोणत्याही कुत्र्याचे आखूड करता येतात. जमिनीच्या गार फरशीवर पोट टेकवून पडायला त्याला ते सोयीचे जाते.

बसक्या नाकाचे कुत्रे, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, यांचे प्रकरण वेगळेच आहे. त्यांची श्वासाची वाट जन्मतः अरुंद असते. धापा टाकायलाच त्यांना कष्ट पडतात आणि त्या कष्टाने अंग आणखी तापते. यांना एप्रिल-मेमध्ये गाडीत घ्यायचे असेल तर फक्त पहाटे, आणि गरम हवेचा ब्लोअर अजिबात नको. टॉवेलने टिपून पंख्याखाली वाळू द्यावे.

आणि मुसके. चावऱ्या कुत्र्याचे तोंड कापडी पट्टीने किंवा दोरीने आवळून बांधायची पद्धत आहे. तोंड बंद म्हणजे धापा बंद, धापा बंद म्हणजे कूलर बंद. उन्हाळ्यात असे बांधलेले कुत्रे पाहता पाहता कोसळते. जाळीचे, तोंड उघडता येईल असे मुसके मिळते, तेच वापरावे. टेबलावरच्या गळपट्ट्यात अडकवून कुत्र्याला एकटे सोडून वळायचे नाही, कारण त्याने खाली उडी मारली तर फास बसतो.

आत काम करणारा माणूस

कुत्र्यासाठी जे सांगितले त्यातले अर्धे माणसालाही लागू आहे. गाडीत ऑगस्ट झाला की आपलाही घाम वाळत नाही. दर वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावे, तहान लागायची वाट पाहू नये. दिवसभर घाम गळत असेल तर नुसते पाणी पुरत नाही, ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात घालून जवळ ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्याने मात्र मिठाचे डॉक्टरला विचारावे. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही सुरुवात. बोलणे असंबद्ध झाले, माणूस गोंधळला, कातडी तापली की तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, हवा घालत १०८ ला फोन करायचा.

जनरेटर गाडीच्या आत किंवा दाराशी ठेवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. एसीसाठी दारे लावलेली असतील तर तो आत साठतो. दुपारी एकाएकी दोघांचेही डोके जड झाले, गरगरू लागले, तर "ऊन लागले असेल" म्हणून बसून राहू नका. आधी बाहेर या आणि दारे उघडा.

ब्लोअरच्या आवाजात शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागत असेल तर तो आवाज कानाला इजा करणारा आहे. दहा-वीस रुपयांचे कानातले बोळे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बहिरेपण एका दिवसात येत नाही, म्हणून त्याची फिकीर कोणी करत नाही. तेच कमरेचे. मोठा कुत्रा टेबलावर एकट्याने उचलू नये आणि गुडघ्यातून वाकून उचलावा.

दात लागला तर

आता त्या मुलाकडे परत येऊ. आम्ही पहिल्यांदा काय केले असेल, तर त्याला विहाराच्या नळावर नेले आणि हळद-चुना धुऊन काढला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे, घड्याळ लावून. चार दिवस उलटले होते तरीही. जखम धुण्याने रेबीजचे विषाणू मोठ्या प्रमाणात निघून जातात आणि हे औषध फुकट आहे, प्रत्येक घरात आहे. धुतल्यावर आयोडीनचे औषध लावावे. हळद, चुना, मिरची, तेल, माती, काही लावू नये. जखम चुरचुरते आणि विषाणू आणखी आत सारला जातो. टाके शक्यतो घालायचे नसतात, पट्टी आवळायची नसते.

रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे जवळजवळ शंभर टक्के खरे आहे. तरीही भिऊन हातपाय गाळायचे कारण नाही, कारण हा विषाणू रक्तातून धावत नाही. तो नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांत त्याला आठवडे, महिने लागतात. त्या वेळात लस शरीराला तयार करते. लस आधी पोचली तर माणूस वाचतो, विषाणू आधी पोचला तर कोणी काही करू शकत नाही. चावा हाताला, चेहऱ्याला, मानेला असेल तर नसा दाट असतात, म्हणून घाई जास्त. लेकरांची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकीच असते, म्हणून त्यांना चेहऱ्यावर चावे बसतात. उशीर झाला असेल तरी "आता काय उपयोग" म्हणू नये. जेव्हा कळेल त्या दिवशी सुरू करावे.

पोटात चौदा सुया, ही गोष्ट आजीच्या काळातली झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत बारीक सुया देतात. पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन दंडांना एक एक. मांसात देणारे असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच दिवस होतात. कुल्ल्यावर ही सुई घ्यायची नसते. तीन झाल्या, जखम भरली, म्हणून चौथी सोडायची नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि इतर सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत आहे. गरोदर बाईलाही देता येते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही. मटण-मच्छी खाऊ नका, आंघोळ करू नका असे पथ्य याला नाही.

रक्त आले असेल, दात आत रुतला असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, साध्या बोलीत सिरम. लस शरीराला शिकवते, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. सिरम तयार संरक्षण आहे, ते जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. दुखते, पण ते घेतलेच पाहिजे. लसीची पहिली सुई घेतली त्याच दिवशी ते घ्यावे, आणि त्या दिवशी जमले नाही तर पहिल्या सुईपासून सातव्या दिवसापर्यंतच उपयोग. गर्दीच्या दवाखान्यात सुई देऊन पाठवतात आणि सिरमचे राहून जाते, असे होऊ शकते. म्हणून जखम उघडी करून दाखवा आणि आपल्या तोंडाने विचारा, "डॉक्टरसाहेब, सिरम लागेल का?" विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही.

"आमच्या कुत्र्याला इंजेक्शन झाले आहे" याचे काय करायचे? कागद मागायचा. तारीख वर्षाच्या आतली आहे का पाहायचे. कागद असला तरी लस घ्यायला जायचेच आणि डॉक्टरला ते सांगायचे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला मालकाला सांगायचे. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढच्या सुयांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवील. आपल्या मुलाच्या वेळी कागद मागितला तर तो सापडेना. बाईंची नियत वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांना खरोखरच वाटत होते की इंजेक्शने झाली आहेत.

आता जी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते ती. या कामात दात न लागताही धोका असतो. दिवसभर पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी. पोरांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेल्या असतात, नखांची कडा सोललेली असते. त्यावर कुत्र्याने चाटले, तर वैद्यकशास्त्र त्याला फाटलेल्या कातडीवरची लाळ म्हणजे चाव्याइतकीच गंभीर बाब मानते. धडधाकट कातडीवर चाटले तर धुऊन टाकले की झाले, सुई लागत नाही. पण भेगांवर चाटले, डोळ्यात-तोंडात लाळ उडाली, तर दवाखाना गाठायचा. म्हणूनच हातमोजे. पातळ रबरी मोजे घालून, त्याखाली हात कोरडे ठेवून, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडून झोपावे. मोजे मागणे हा नखरा नव्हे. बंगल्यावर टॉमीला धुणाऱ्या बाईनेही ते मागावेत, कारण तिचे हात तर आधीच भांड्यांच्या साबणाने सोललेले असतात.

जनावरांत रोज काम करणाऱ्यांसाठी चावण्याआधीच घ्यायची लस असते. तीन सुया, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. मग पुढे कधी दात लागलाच तर जखम धुऊन फक्त दोन सुया, ० आणि ३ व्या दिवशी, आणि सिरम लागत नाही. गाडीवर पोराला ठेवून घेणाऱ्याने पहिल्या पगाराआधी हा खर्च करावा, आमचे तर असे स्पष्ट मत आहे. सोबत धनुर्वाताची सुई.

खाज, ताप आणि गोचीड

कुत्र्यांमुळे खरूज होते असे म्हणतात, ते अर्धे खरे आहे. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की आपली खाज काही दिवसांत ओसरते. पण घरात दोन-तीन जणांना रात्री खाज सुटत असेल तर ती माणसाची खरूज, तिचा औषधोपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावा लागतो. गोल चकंदळ, कडेला लाल, मध्ये बरे झाल्यासारखे दिसले तर तो नायटा. मेडिकल स्टोअरमधून "खाजेचे मलम द्या" म्हणून आणू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस गुण येतो, मग नायटा दुप्पट पसरतो आणि औषधाला दाद देत नाही.

पावसाळ्यात कुत्र्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. भेगाळलेले पाय, उघडी चप्पल आणि गाडीतले सांडपाणी, एवढे पुरते. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे दिसले तर डॉक्टरला पहिल्यांदा सांगा की आपण कुत्र्यांत काम करतो. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर लागते. गमबूट घालावेत.

गोचिडाच्या औषधाचे विशेष सांगायचे आहे. उन्हाळा-पावसाळ्यात कुत्र्यावर गोचिडे वाढतात आणि मालक "गोचिडाची आंघोळ" मागतात. ते औषध विष असते. बाटलीवर लिहिल्याइतकेच पाणी घालायचे, मोजे घालून, दार उघडे ठेवून वापरायचे. उघड्या हाताने वापरले तर कातडीतून अंगात जाते. सुस्ती, गुंगी, नाडी मंद होणे असे काही झाले तर बाटली घेऊनच दवाखान्यात जा. आणि आपल्या भागात कपाशीवर फवारायचे औषध कुत्र्याला लावणारे महाभाग आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरू नये. रॉकेल, फिनाइल, डेटॉल हेही कुत्र्याच्या अंगावर नको, आणि माणसाचा शाम्पूही नको, त्याने कातडी कोरडी पडून खाज वाढते. एखाद-दुसरे गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावे आणि सरळ ओढावे. नखाने चिरडू नये.

वस्तीतल्या कुत्र्यांना कोणी गाडी पाठवत नाही. त्यांना नळाजवळ सावलीत पाण्याचे मातीचे भांडे ठेवले, रोज सकाळी बदलले, तर ते दुपारी कमी चिडतात, हा आमचा पाहिलेला अनुभव आहे. त्यांच्या लसीकरणासाठी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात वस्तीच्या वतीने अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पिल्लांचे मात्र लक्षात ठेवा. "एवढंसं तर आहे" म्हणून लेकरे त्यांच्या तोंडात बोट घालतात. पिल्लाच्या ओरखड्यानेही रेबीज होऊ शकतो. लेकराने मार बसेल या भीतीने चावा लपवू नये, एवढी मोकळीक घरात असू द्या.

त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. लसही मिळाली, सिरमही. जखमेत टोचताना तो ओरडला, आईने दुसरा हात धरून ठेवला होता. २८ व्या दिवशीची सुई मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती. पारा ४४ वर, गाडीला आठ कुत्र्यांची बुकिंग, आणि मालक म्हणाला, "जखम तर भरली, उद्या जा." आईने कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते. ती सकाळी साडेसातला कार्ड घेऊन त्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. सव्वादहाला दोघे सुई घेऊन परत आले होते. त्याचा जोडीदारही सोबत गेला होता, त्याने आधीच्या तीन सुयांतली पहिली घेतली.